बर्फाच्या मुलखातली आगोट

बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असता वसंत व्याख्यानमालेत बर्फाच्या वादळाचा विषय काढणे काही मंडळींना विपरीत वाटेल. परंतु कोकणातली गृहिणी आगोटीची तयारी आषाढात करीत नाही, ती चैत्र-वैशाखातच करते. सरपण माळ्यावर चढते, सुकी मासळी, मीठ, आमसुले, कडधान्ये डब्यांत भरली जातात, पडवीला झापांचा आडोसा बांधला जातो, आणि तेव्हा आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा कडाक्याचा काळ येतो, त्याला तेथे ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्याच्यासाठी दुधी, वांगी, टोमॅटो उन्हाळ्यातच चिरून वाळत घालतात. बेगमी ही नेहमी उलट्या ऋतूतच करावयाची असते.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. समोर बसलेल्या मंडळींपैकी कित्येकांचा मुलगा, मुलगी किंवा भाचा आज अमेरिकेत नाही तर कॅनडात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात थंडीची लाट आली, वीज गेली, आणि ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांतली मराठी घरेही इतरांबरोबर अंधारात बसली. तेथे राहणाऱ्या आपल्या माणसाला फोनवर काय सांगावे, हे येथे बसलेल्या आईबापांना ठाऊक असणे बरे.

आम्ही हवामानशास्त्रज्ञ नव्हे. आमचे शालेय शिक्षणही बेताचेच झाले. जे काही शिकलो ते वीज कामगारांच्या संघटनेचे काम करताना, खांबावर चढणाऱ्या माणसांकडून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून. म्हणून या प्रश्नाकडे आम्ही घरातून पाहतो तसेच खांबावरूनही पाहतो. आमच्या मते दोन्हीकडून पाहिल्याशिवाय तो नीट दिसतच नाही.

थंडीत वीज जाते ती मुख्यतः दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा म्हणजे तार तुटणे. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जे घडले, ते याचे ठळक उदाहरण होय. तेथे बर्फ पडला नाही, पाऊस पडला. वरच्या हवेचा थर उबदार आणि जमिनीलगतचा थर गोठणबिंदूखाली गेलेला, अशी स्थिती असली म्हणजे पावसाचा थेंब खाली येताना गोठणबिंदूखाली थंड होतो खरा, पण पाणीच राहतो. आणि तारेला, फांदीला, छपराला स्पर्श होताच त्याचे काचेसारखे बर्फ बनते. पाच-सहा दिवस असा पाऊस झाला. तारांवर मनगटाएवढी बर्फाची वेढणी चढली, त्या वजनाने सुमारे १००० पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब कोसळले, आणि क्वेबेकमधल्या सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली. काही गावांना ती महिनाभर मिळाली नाही. माँट्रियल शहरात पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांचीही वीज गेली आणि एवढ्या मोठ्या नगराचे पाणी संपण्याची वेळ आली.

दुसरी तऱ्हा टेक्सासची. तेथे तारा बहुतांशी शाबूत होत्या, पण तारांत घालावयाला वीजच नव्हती. वायूच्या विहिरी आणि नळ गोठले, वीज केंद्रांतली उपकरणे गोठली, कोळशाची, अणुशक्तीची, पवनचक्क्यांची केंद्रेही कमीअधिक बंद पडली. मोठा वाटा मात्र नैसर्गिक वायूचा होता. त्यात आणखी एक चमत्कारिक फेरा पडला. वायू पुढे ढकलणारे पंप विजेवर चालणारे. त्यांपैकी कित्येकांची नोंद ‘अत्यावश्यक’ म्हणून झालेली नव्हती, म्हणून वीज वाचवण्यासाठी त्यांचीच वीज कापली गेली आणि वीज केंद्रांना मिळणारा वायू आणखी आटला. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास जाळ्याची कंपनसंख्या इतकी घसरली की ती ९ मिनिटे तशीच राहती, तर केंद्रे आपोआप सुटत गेली असती आणि सबंध राज्याचे जाळे बसले असते. ती ४ मिनिटे २३ सेकंद तशी राहिली. ४५ लाखांहून अधिक घरे व दुकाने अंधारात गेली. डॅलसचा पारा १६ तारखेला उणे १९ अंश सेल्सिअसवर उतरला. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश निव्वळ गारठ्याने.

आपल्याला भारनियमनाची सवय आहे, म्हणून येथे एक खुलासा करतो. आपल्याकडे आज या भागाची तर उद्या त्या भागाची पाळी असते; अंधार वाटून घेतला जातो. टेक्सासातही तशीच पाळी लावण्याचा बेत होता. परंतु तूट इतकी मोठी होती, की रुग्णालये वगैरेंच्या वाहिन्या वगळल्यावर फिरवावयाला वाहिन्याच उरल्या नाहीत. ज्याची वीज गेली त्याची गेलीच, काहींची तीन-तीन दिवस. रुग्णालयाच्या वाहिनीवर ज्याचे घर होते तो तरला. पलीकडच्या गल्लीतला गारठला. ज्यांना वीज होती त्यांतल्या काहींनी बाजारभावाशी बांधलेला करार केला होता. घाऊक बाजारात तो भाव युनिटला ९ डॉलरपर्यंत चढवून काही दिवस तेथेच ठेवला होता. त्यांना पुढे जी बिले आली ती वाचून येथल्या माणसाला घाम फुटेल. वीज केंद्रे थंडीसाठी सज्ज करा असे २०११ च्या अशाच प्रसंगानंतर केंद्रीय चौकशीने सांगितले होते. सक्तीचा कायदा मात्र २०२१ च्या मृत्यूंनंतर झाला. असो. त्याविषयी बोलू लागलो तर घर बाजूलाच राहील.

घराकडे वळू. पहिला प्रश्न उबेचा. वीज गेली तर वायूची शेगडी आहे, अशी एक भाबडी समजूत असते. त्या देशात पुष्कळ घरे वायूच्या भट्टीने तापतात. पण भट्टीतली ऊब खोल्याखोल्यांत नेणारा पंखा आणि भट्टी पेटवणारी कळ ही दोन्ही विजेची. वायू आला तरी वीज नसेल तर ती भट्टी मुकाट. तेव्हा ऊब निर्माण करण्यापेक्षा असलेली ऊब राखणे, हाच घराचा खरा मार्ग आहे.

तो मार्ग आपल्या आजीला ठाऊक होता. जुनी लुगडी एकावर एक घालून शिवलेली गोधडी उबदार का लागते? कापडापेक्षा कापडाच्या थरांमध्ये कोंडलेल्या हवेमुळे. हलती हवा ऊब पळवते. कोंडलेली हवा ती राखते. हाच न्याय घराला लावावा. वीज जाताच सबंध घर राखण्याचा नाद सोडून एक खोली निवडावी: लहान, शक्य तर दक्षिणेकडे खिडकी असलेली, आणि बाहेरच्या भिंती कमी असलेली. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबावा, खिडकीवर रग किंवा जाड चादर टांगावी, दिवसा ऊन आले तर तेवढा वेळ ती दूर करावी. फटी बुजवण्याचे खरे काम मात्र शरद ऋतूतच करावयाचे असते. रात्री दोन वाजता टॉवेल शोधणे म्हणजे पाऊस लागल्यावर कौले शाकारणे होय. मग घरातली सगळी माणसे त्या एका खोलीत आणावी. बसल्या जागी मनुष्य साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता टाकतो. चार माणसे म्हणजे ४०० वॅटची शेगडी, जिला तारही लागत नाही आणि धूरही येत नाही. कपडे एकच जाड घालण्यापेक्षा पातळ पातळ तीन-चार थर बरे, आणि ओला मोजा क्षणभरही पायात ठेवू नये.

म्हाताऱ्यांकडे व तान्ह्या मुलांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की मनुष्य अडखळत बोलू लागतो, हातातली वस्तू सांडतो, पेंगतो. त्याचे कुडकुडणे थांबले म्हणजे त्याला बरे वाटू लागले असे लोक समजतात. ते फार वाईट लक्षण असते. अशा माणसाला दारूचा घोट देणे हा तर उघड घात आहे. दारूने कातडीकडे रक्त धावते, वरवर ऊब भासते आणि आतली ऊब निघून जाते. तेथे डॉक्टरच हवा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे शाळेत शिकवतात. पण नळ कसा फुटतो हे सहसा सांगत नाहीत. नळात बर्फाचा बोळा बसतो आणि तो वाढू लागतो. बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकते त्याला जावयाला वाट नसते, त्याचा दाब भयंकर चढतो आणि नळ फुटतो. कित्येकदा तो जेथे बर्फ नाही तेथेच फुटतो. म्हणूनच थंड प्रदेशात तोटी किंचित उघडी, थेंब थेंब गळती ठेवावी असे सांगतात. दाबाला वाट मिळते. मोरीखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवली तर खोलीतली ऊबही नळापर्यंत पोहोचते. टेक्सासच्या घरांत नळ बाहेरच्या भिंतींतून आणि माळ्यावरून नेलेले असतात, कारण तेथे बारा महिने चिंता उन्हाची. म्हणून ते इतके फुटले.

परंतु आता पाहा काय झाले. ज्याने त्याने आपली तोटी गळती ठेवली. त्यात फुटलेल्या नळांतून पाणी धो धो वाहिले. पंपांना वीज नाही. शहराच्या नळयोजनेचा दाब बसला. तेव्हा ह्यूस्टनच्या नगरपालिकेला लोकांना सांगावे लागले, की तोट्या गळत्या ठेवू नका. पुढे राज्यातल्या सुमारे दीड कोटी लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना झाली, आणि उकळावयाला वीज कोठे होती? एका घराला जो उपाय रामबाण, तोच लाख घरांनी केला की गावाचे पाणी जाते. आम्हांला हा प्रसंग सबंध विषयाचे मर्म वाटतो. यातून निघणारा धडा असा की नळाची मुख्य चावी कोठे आहे, ती फिरते की गंजली आहे आणि ती कशाने फिरवावी, हे घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला आधीच दाखवून ठेवावे. वीज लांबणार असे दिसताच चावी बंद करावी, सर्वांत खालची तोटी उघडून नळ रिते करावे. रित्या नळाला थंडी काय करणार? पिण्याचे पाणी मात्र त्याआधीच भरलेले हवे: माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने निदान तीन दिवसांचे, जमल्यास दोन आठवड्यांचे. शौचकुपासाठी न्हाणीचे टब भरावे. ज्यांनी आपल्या शहरातली एक दिवसाआडची पाणीपट्टी भोगली आहे, त्यांना हे शिकवावे लागणार नाही.

खाण्याविषयी थोडक्यात. न शिजवता खाता येईल असे हवे. लाडू, चिवडा, भाजके दाणे, खजूर यांची उपयुक्तता येथे मराठी माणसाला सांगण्यात अर्थ नाही. फ्रिजचे दार उघडले नाही तर आतले अन्न साधारण चार तास टिकते, गच्च भरलेल्या फ्रीझरमधले दोन दिवस. इन्सुलिन उष्णतेने बिघडते तसे गोठल्यानेही निकामी होते. ते त्या ऊबेच्या खोलीत, अंगापासून थोडे दूर ठेवावे. घरात कोणी श्वासासाठी विजेच्या यंत्रावर अवलंबून असेल, तर त्याने वादळाची वाट न पाहता, अंदाज येताच वीज असलेल्या ठिकाणी जावे.

तिसरा प्रश्न धुराचा, आणि येथे आम्ही थोडे कडक बोलणार आहोत. गारठलेला मनुष्य आग शोधतो. कोणी कोळशाची शेगडी घरात आणतो, कोणी गराजमध्ये मोटार चालू करून तिच्यात बसतो, कोणी जनरेटर जिन्याखाली लावतो. २०२१ मध्ये ह्यूस्टन परिसरात अशा रीतीने शेकडो लोकांना विषबाधा झाली, काही मेले. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पेंग येते. लोक ते जागरणाने झाले असे समजून झोपी जातात. एकाच घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, तर कारण शोधत बसू नये, मुलांसह बाहेर पडावे, मग बाहेर कितीही थंडी असो. हा वायू परदेशातच असतो असे नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून स्नान करताना तरुण माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तो हाच वायू. जनरेटर घराबाहेर, दार-खिडकीपासून निदान सहा मीटर दूर, धूर घराकडे येणार नाही अशा तोंडाने ठेवावा. ओसरी आणि गराज ही घराबाहेरची जागा नव्हे. बॅटरीवर चालणारी या वायूची घंटा थोडक्या पैशांत मिळते. घरात दुसरे काही घेतले नाही तरी ती घ्यावी.

जनरेटरचाच आणखी एक धोका आहे. त्याची घरमालकाला झळ लागत नाही, म्हणून तो फारसा कोणी सांगत नाही. काही चतुर लोक जनरेटरची तार सरळ भिंतीतल्या प्लगात खुपसतात. सगळ्या घरातले दिवे एकदम लागतात आणि शेजारी कौतुक करतात. परंतु ती वीज घरातच थांबत नाही. मीटरमधून ती उलटी बाहेर जाते आणि खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला, ज्याला आपल्याकडे ‘डीपी’ म्हणतात त्याला, पोहोचते. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. उच्च दाब खाली आणणारे ते यंत्र उलट्या दिशेने आलेला घरगुती दाब तितक्याच इमानाने वर चढवते. अमेरिकेत २४० व्होल्टचे ७२०० होतात. आपल्याकडची तार ११००० व्होल्टची असते. त्या वेळी कोठे तरी, दोन फर्लांगांवर, बर्फाने निसरड्या झालेल्या खांबावर एक लाइनमन चढलेला असतो. उपकेंद्रातून तार बंद केल्याचे परमिट त्याच्या खिशात असते.

म्हणून जाणते कामगार परमिटावर विसंबत नाहीत; तार तपासतात, दोन्ही बाजूंना अर्थिंग करतात, मगच हात लावतात. पण वादळानंतर शेकडो ठिकाणी तारा तुटलेल्या, वरून तगादा, खालून शिव्या, चौथ्या दिवसाची अपुरी झोप, अशा वेळी एक पायरी चुकते. आमच्या ओळखीचा एक वायरमन असाच एका लग्नघरच्या जनरेटरने गेला; थंडी नव्हती, बर्फ नव्हते, फक्त चेंजओव्हर स्विच नव्हता. तो स्विच काय करतो? घराला एका वेळी एकाच धन्याशी जोडतो, एक तर गावाची तार, नाही तर जनरेटर. दोन्ही कधीच नाहीत. त्याला खर्च येतो, वायरमन बोलवावा लागतो, हे खरे. ज्याला तो परवडत नसेल त्याने जनरेटरला सरळ स्वतंत्र वायर लावून दोन दिवे आणि एक पंखा चालवावा. भिंतीतल्या प्लगाला हात लावू नये.

क्वेबेकला १९९८ मध्ये तारा पुन्हा उभ्या करावयाला स्थानिक कामगारांबरोबर शेजारच्या अमेरिकी राज्यांतून टोळ्या आल्या आणि लष्कराचे हजारो सैनिक उतरले. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीतले खांब आडवे केले, तेव्हा आपल्याकडेही इतर जिल्ह्यांतून माणसे धाडावी लागली. परक्या मुलखात काम करणाऱ्या या माणसाला तेथली वाहिनी कोठून वळते आणि कोणत्या घरात जनरेटर आहे हे ठाऊक नसते. तुमच्या अंगणात जनरेटर चालू असेल तर तारेवर आलेल्या टोळीला स्वतः जाऊन सांगावे. चहा विचारला तर उत्तमच.

अंदाज कळल्यावर, वादळापूर्वीच्या दिवशी, फोन भारून ठेवावे, बॅटरीचा रेडिओ व टॉर्च तपासावे, औषधे आणावी, मोटारीची टाकी भरावी. आणि त्याच दिवशी आपल्या मजल्यावर एकटे कोण राहते याची चौकशी करावी. टेक्सासात गारठ्याने गेलेल्यांत कित्येक जण आपल्याच घरात, आपल्याच बिछान्यात गेले. एकट्या म्हातारीला त्या एका उबेच्या खोलीत आणून बसवले तर तिचा जीव वाचतो, आणि खोलीतही १०० वॅटची भर पडते.

वीज जाताच मोठ्या उपकरणांची, विशेषतः हीटरची, बटणे बंद करावी. एक दिवा तेवढा चालू ठेवावा, म्हणजे वीज आल्याचे कळेल. गारठलेल्या सगळ्या घरांतले हीटर एकाच क्षणी सुरू झाले तर नुकतीच जोडलेली वाहिनी पुन्हा सुटते, आणि लाइनमनला पुन्हा खांब चढावा लागतो. दिवा लागल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून एकेक उपकरण लावावे. घर उबदार झाले, नळांतले बर्फ वितळले असेल असा पुरेसा वेळ गेला, की मगच पाण्याची मुख्य चावी उघडावी, तीही अर्धा वेढा. आणि दुसऱ्या माणसाने भिंतींना कान लावून, माळ्यावर टॉर्च मारून सबंध घर फिरावे. कोठे खळखळ ऐकू आली तर चावी ताबडतोब बंद. नाही आली तर तोटीतून आधी हवा फुसफुसेल, मग गढूळ पाणी येईल, मग स्वच्छ. तेही नगरपालिकेची सूचना निघेपर्यंत उकळूनच प्यावे.